नळ स्टॉपचा सिग्नल

पुण्यात सकाळी गाडीवर निघताना आई म्हणाली, "हेल्मेट घे." खालचे काका म्हणाले, "कर्वे रोडने नको, आतून प्रभात रोडने जा." मित्राचा फोन, "वनाज-गरवारे मेट्रो २०२२ ला सुरू झाली, अजून गाडीच काढतोस?" सगळ्यांचं मनापासूनच असतं. मी हेल्मेट तेवढं घातलं.

नळ स्टॉपला लाल सिग्नल, अजून बारा सेकंद बाकी. मागून हॉर्नवर हॉर्न. शेजारचा म्हणाला, "निघा हो, मामा नाहीये!" समोर झेब्रा क्रॉसिंगवर एक आजोबा, हातात दुधाची पिशवी, एकेक पाऊल जपून टाकत होते. मी ब्रेक सोडला नाही. ते फुटपाथवर चढले, वळून हात वर केला. तो हात दिवसभर डोळ्यांसमोर आहे.