कामाच्या जवळचे घर : वस्ती निवडताना आलेला माझा अनुभव

घर विकत घ्यायचे ठरले तेव्हा आमची पहिली अट एकच होती : रोजच्या जाण्यायेण्यात माणूस थकून जाऊ नये. त्याआधी काही वर्षे आम्ही शहराच्या कडेला भाड्याने राहत होतो आणि संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मुलीशी निवांत बोलण्याइतकेही त्राण माझ्यात उरत नसे. त्यामुळे घर कसे असावे यापेक्षा ते कुठे असावे हा प्रश्न आम्ही आधी हाती घेतला, आणि तो सोडवायला प्रत्यक्ष सदनिका पाहण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ दिला. तो वेळ पूर्णपणे सार्थकी लागला, असे मला वाटते.

सुरुवात ‘जवळ’ म्हणजे काय, हे ठरवण्यापासून झाली. नकाशावर कार्यालयाभोवती वर्तुळ काढून फारसे हाती लागत नाही, कारण मध्ये नदी किंवा लोहमार्ग असेल आणि पूल एकच असेल, तर समोर दिसणारी वस्तीही रोजच्या वापरात दूर पडते. म्हणून आम्ही किलोमीटर सोडून मिनिटे धरली, आणि तीही घराच्या दारापासून कार्यालयातील टेबलापर्यंतची. उद्वाहनासाठी थांबणे, गाडी बाहेर काढणे, थांब्यापर्यंत चालणे, वाहनाची वाट पाहणे, मधला बदल आणि शेवटी कार्यालयाच्या फाटकापासून आत जाणे, हे सगळे धरले की जाहिरातीतला ‘अवघ्या पंधरा मिनिटांवर’ हा दावा बहुतेक वेळा कोलमडतो. दर वीस मिनिटांनी नियमित सुटणाऱ्या बसची वेळ न पाहता थांब्यावर गेले, तर सरासरी दहा मिनिटे वाट पाहावी लागते, आणि मध्ये तशीच दुसरी बस पकडायची असेल तर तेवढीच वाट पुन्हा. म्हणूनच थोडा सावकाश जाणारा पण दर काही मिनिटांनी मिळणारा थेट मार्ग मला अधिक मोलाचा वाटला.

तीन वस्त्या आमच्या विचारात उरल्या : माझ्या कार्यालयाला लागून उभी राहिलेली नवी वसाहत, नदीपलीकडचा जुना भाग आणि रेल्वे स्थानकामागची मध्यम वस्ती. तिन्ही ठिकाणांहून आम्ही कामाच्या दिवशी, आमच्या नेहमीच्या वेळेला, सकाळी आणि संध्याकाळीही प्रवास करून पाहिला. रविवारी दुपारी घर दाखवायला नेणारा मध्यस्थ रिकामा रस्ता दाखवतो. सोमवारी सकाळचा तोच रस्ता निराळा असतो. या फेऱ्यांत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सरासरीकडे न पाहता वाईट दिवसाकडे पाहणे. नदीपलीकडून एरवी पस्तीस मिनिटे लागत, पण पुलावर एखादी गाडी बंद पडली की सव्वा तास सहज जाई; स्थानकामागून पंचेचाळीस मिनिटे लागत, मात्र पावसातही ती पंचावन्नच्या पुढे गेली नाहीत. वेळेवर हजेरी लागणाऱ्या माणसाला वाईट दिवस गृहीत धरूनच रोज निघावे लागते, त्यामुळे कागदावर दूर असलेली वस्ती व्यवहारात जवळची ठरते.

दुसरा गुंता दोन नोकऱ्यांचा होता. माझ्या पतींचे कार्यालय शहराच्या नेमक्या विरुद्ध दिशेला आहे. नव्या वसाहतीत घर घेतले असते तर मी चालत गेले असते आणि त्यांना रोज जाऊन-येऊन तीन तास लागले असते. दोघांच्या वेळांची बेरीज करून सर्वांत कमी बेरजेची वस्ती निवडावी, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, कारण बेरीज कमी असली तरी एकाचाच दिवस संपून जाऊ शकतो. शेवटी ज्याला जास्त वेळ लागेल त्याचा वेळ किती, हा निकष आम्ही धरला, आणि नवी वसाहत यादीतून गेली.

याच काळात मी थोडे वाचनही केले. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली असे मांडले होते, की साधने कितीही बदलली तरी माणूस दिवसाला सरासरी सुमारे एक तासच प्रवासाला देतो. वाहने वेगवान झाली की शहरे पसरतात, तास तेवढाच राहतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील पाहण्यांच्या आधारे २००८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला अधिक बोलका वाटला. लांबचा प्रवास करणाऱ्यांना स्वस्त घर किंवा जास्त पगार यांतून त्या त्रासाची भरपाई मिळत असावी, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात प्रवास जितका लांब, तितके लोकांचे समाधान कमी आढळले. शहराबाहेरच्या प्रशस्त घराचा मोह आम्हालाही होता. प्रवासखर्च आणि दुसऱ्या वाहनाचा हप्ता मांडल्यावर किमतीतला फरक बराच आटला, आणि गेलेल्या तासांची किंमत तर त्यात धरलेलीच नव्हती.

तरीही केवळ आजच्या कार्यालयावर नजर ठेवून घर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गृहकर्ज वीस वर्षांचे असते; नोकरी तितकी टिकेलच असे नाही. माझ्या एका मैत्रिणीने कार्यालयासमोरच घर घेतले आणि पुढे तिच्या कंपनीने सगळा कारभार शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. स्थानकामागच्या वस्तीतून चारही दिशांना वाहने मिळतात, कामाच्या एकाहून अधिक भागांत तिथून बेताच्या वेळात पोहोचता येते. आमचा कौल तिकडे झुकला तो मुख्यतः यामुळे.

प्रवासाची बाजू जमल्यावर आम्ही वस्ती पायी पाहिली आणि सासूबाईंना मुद्दाम सोबत नेले. इमारतीपासून भाजीबाजार चारशे मीटरवर, म्हणजे माझ्या चालीने पाच मिनिटांचा. मध्ये एक रुंद रस्ता आहे. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरतात. म्हणजे चोवीस मीटर रस्त्याला वीस सेकंद. सासूबाई निम्म्याहून थोड्या पुढे पोहोचल्या तोवर दिवा बदलला, दुचाक्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकल्या आणि त्या माझा दंड घट्ट धरून दुभाजकावर उभ्या राहिल्या. मला तो रस्ता पार करताना काहीच जाणवले नव्हते. त्यानंतर आम्ही फक्त त्या रस्त्याच्या अलीकडची घरे पाहिली, कारण दवाखाना, शाळा आणि किराणा अलीकडे होते, आणि बाजारासाठी रोज तो रस्ता ओलांडण्याची गरज उरत नव्हती.

रात्रीही आम्ही तिथे गेलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा अशी शिफारस केली आहे, आणि दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. मोबाइलवरील मोजणी अचूक नसते, परंतु एकाच इमारतीच्या रस्त्याकडील आणि मागील बाजूच्या खोल्यांची तुलना करायला ती पुरते. खिडक्या उघड्या ठेवून दोन्ही बाजू ऐकल्या आणि मागची बाजू निश्चित केली.

एका इमारतीत सगळे मनासारखे होते, पण तळघरातील पार्किंगच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक आडवी, मातकट रेषा होती, वरचा रंग नवा आणि खालचा फुगलेला. सुरक्षा रक्षकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “ताई, जोराचा पाऊस झाला की मागच्या नाल्याचं पाणी आत येतं. गाड्या आदल्या रात्रीच वर काढून ठेवायला लागतात.” विक्रेत्याने याचा उल्लेखही केला नव्हता. तो व्यवहार आम्ही तिथेच सोडला.

समोरच्या मोकळ्या जागांबद्दल आम्ही शेजाऱ्यांच्या बोलण्यावर विसंबलो नाही. नियोजन कार्यालयात जाऊन मंजूर विकास आराखडा पाहिला. बागेची म्हणून सांगितली जाणारी जागा रस्तारुंदीकरणासाठी राखीव निघाली. नकाशावर नुसत्या ठिपक्यांनी दाखवलेल्या नव्या वाहतूकमार्गाला आम्ही हिशेबात शून्य गुण दिले, कारण प्रस्तावित मार्गाच्या नावाने किंमत आज मोजावी लागते आणि सोय कधी होईल ते कोणी लिहून देत नाही.

खरेदीआधी काही महिने आम्ही त्याच वस्तीत भाड्याने राहिलो. पाण्याची वेळ, सुटीच्या दिवसांतला गोंगाट, मुलीच्या शाळेची वाट, शेजाऱ्यांचा स्वभाव हे सारे त्या काळात कळले, आणि कोणत्या गल्लीत घर नको हेही. मग त्याच भागातील जुन्या इमारतीत, ठरवले होते त्यापेक्षा एक खोली कमी असलेले घर आम्ही घेतले. आता आम्हा दोघांनाही एका बाजूला पाऊण तासाच्या आसपास लागतो, आणि संध्याकाळी कोणाला यायला उशीर होणार असेल तर त्याचे कारण रस्ता नसून कार्यालयातले काम असते.