पोकरची वही: आखाजी ते पोळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघरी पत्ते निघतात आणि सण सरला की गड्डी कपाटात जाते. जळगावातल्या आमच्या गटाने ती यंदा बाहेरच ठेवली. दर शनिवारी सहा जण, टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे पाच), पैसे अजिबात नाहीत. ऑनलाइन पैशांचे खेळ तर २०२५ च्या कायद्याने बंदच झाले. हेतू एकच: पोकरमधली मोठी माणसं वर्षानुवर्षं टिकतात ती कोणत्या सवयींवर, हे स्वतःवर तपासायचं.

मांडणी अशी. ३०० चिपांचा संच, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे गुण; मोठा तो बिग ब्लाइंड) १-२, प्रत्येकाला २०० गुणांचा एक स्टॅक: १ च्या २०, ५ च्या १६, २५ च्या ४. पैसे नसले की लोक कशालाही कॉल करतात, म्हणजे समोरच्याइतके गुण लावून डावात राहतात, म्हणून महिन्याला प्रत्येकी चारच स्टॅक. ते संपले की उरलेल्या शनिवारी पत्ते वाटायचे आणि नोंदी करायच्या. खेळ सुधारला तो या एका नियमाने. फोल्ड करणं, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडणं, दुसऱ्याच आठवड्यापासून दिसू लागलं.

वहीत हार-जीत लिहीत नाही. १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू धरा. नो-लिमिटमध्ये (बोलीला मर्यादा नसलेल्या खेळात) १०० डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाने होणारा चढउतार, साधारण ९० बिग ब्लाइंड असतं. १०,००० डावांत अपेक्षित कमाई ५००, पण विचलन ९००. म्हणजे इतकं खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास. आम्ही तासाला २५ डाव, तीन तास बसतो. १०,००० डावांना अडीच वर्षं लागतील. तोवर निकालाकडे बघून कोण काय शिकणार?

म्हणून लिहितो तो निर्णय. एक पान असं आहे: हातात बदाम एक्का आणि बदाम नव्वी, फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) दोन बदाम, टर्न (चौथा पत्ता) कोरा. पॉट (मधोमध जमलेले गुण) ६०, समोरच्याने ४० लावले. १४० च्या पॉटसाठी ४० घालायचे, म्हणजे जिंकण्याची शक्यता २८.६ टक्के हवी. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९ (एक आला की पाच बदाम जमतात), म्हणजे १९.६. उरलेले तीन एक्केही जिंकून देतील असं धरलं तरी २६. फक्त बदामाच्या भरवशावर कॉल करायचा, तर बदाम आल्यावर समोरच्याकडून सरासरी आणखी ६५ निघायला हवेत. त्याच्यापुढे उरले होते ३०. रिव्हरला (शेवटच्या पत्त्याला) बदाम पडला. वहीत शेरा: ‘चूक’. पॉट कुणी नेला, ते लिहिलं नाही.

सगळ्यात अवघड रकाना मनःस्थितीचा. सुरुवातीला १ ते ५ गुण ठेवले आणि सगळे दर वेळी ४ लिहायचे. असा रकाना भरून उपयोग शून्य. आता होय-नाही प्रश्न आहेत: काल सहा तासांपेक्षा कमी झोप? आज कुणाशी वाद? जेवून तासही झाला नाही? दोन ‘होय’ आले की पहिला तास फक्त चांगल्याच पत्त्यांवर खेळायचं.

टिल्ट, म्हणजे चिडून खेळ बिघडणं, स्वतःचा स्वतःला दिसत नाही, तो शेजाऱ्याला दिसतो. त्यामुळे डावीकडचा माणूस खुणा टिपतो. कुणी दोन सेकंदांत कॉल करू लागतो, कुणी दर डावाआधी आपल्या चिपा मोजतो, कुणी हरल्यावर समोरच्याला त्याची चूक समजावत बसतो. प्रत्येकाची खूण वेगळी आणि ती बहुतेकदा चिडण्याच्या आधी येते. खूण दिसली की शेजारी टेबलावर बोट टेकवतो. पुढचे दोन डाव सोडायचे, पाणी प्यायचं. मे महिन्यात पारा ४४ ला असताना तर पाण्याचा तांब्या टेबलावरच हवा.

तीन स्टॅक गेले की उठायचं, हा नियम पुरत नाही. जिंकतानाही माणूस सैल होतो, आणि ते या नियमात सापडत नाही. म्हणून साडेदहाला बैठक बंद. ‘शेवटचे पाच डाव’ हा प्रकार वहीतल्या सर्वाधिक चुकांच्या पानांवर आहे; तो आता पूर्ण बंद केला आहे.

अमेरिकन खेळाडू स्टू उंगरने पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा १९८०, १९८१ आणि १९९७ मध्ये जिंकली. पत्त्यांची त्याची समज अफाट होती, पण व्यसनांनी घात केला आणि १९९८ मध्ये ४५ व्या वर्षी तो गेला. डॉयल ब्रन्सन त्याच स्पर्धेचा १९७६ आणि १९७७ चा विजेता, आणि २००५ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर त्याने दहावं ब्रेसलेट (मालिकेतल्या स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारं कडं) घेतलं. आम्ही अभ्यास करतो तो ब्रन्सनच्या टिकण्याचा.

पोळ्यापर्यंत साधारण तेराशे डाव झाले. आता शेजारी दर महिन्याला बदलणार, कारण ठरलेल्या जोड्या एकमेकांना सांभाळून लिहू लागल्या आहेत. आणि थंडीत बामणोदची वांगी आली, भरीत पार्ट्या सुरू झाल्या, की क्रम ठरलेला: बैठक आधी, भरीत-पुरी नंतर.