तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या दाराची पट्टी

"गाडी इतकी सुंदर झालीये, मग डाव्या मागच्या दारावरची क्रोमची पट्टी कुठे गेली?" माझी नव्याने उभी केलेली जुनी गाडी बघून गेली दोन वर्षं जो भेटतो तो हेच विचारतो. कोणी म्हणतं, "मिळाली नसेल." कोणी म्हणतं, "शेवटी कंटाळलात ना?" मी "बसवायची आहे" एवढं बोलून विषय बदलत आलो. आज सगळं सांगतो.

पट्टी आहे. गेल्या रविवारपर्यंत गॅरेजच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर, सुती कापडात गुंडाळून ठेवली होती. आणि मी कंटाळलेलो नाही. बंपर, दिव्यांच्या रिंगा, काचेभोवतालची बीडिंग, उरलेल्या तीन दारांच्या पट्ट्या, सगळं मी माझ्या हातांनी बसवलंय. कुठल्याही बाजूने बघा.

"प्लेटिंगवाल्याकडे द्या, नवी करून देईल," हा सल्ला तर मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर द्यायचंही जिवावर येतं. ही पट्टी क्रोमची नाहीच. बंपरवर असतं ते क्रोम: खाली तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा थर, जेमतेम अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ. दारावरची पट्टी स्टेनलेसची आहे. आतून पोकळ, कडा आत वळवलेल्या. दोन्ही शेजारी धरा, क्रोमला निळसर झाक दिसेल, स्टेनलेसला नाही. चुंबक लावून ठरवू नका, 430 जातीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. स्टेनलेसचं एक सुख असतं, पोचा आला तर मागून ठोकून काढता येतो, घासून पुन्हा चमकवता येतो. पण एकदा मुडपलं की तिथेच कडक होतं, आणि पुन्हा जसंच्या तसं सरळ होईल याची खात्री नसते.

तर, दार.

त्या दाराचा खालचा भाग गंजून चाळणी झाला होता. डेंटरने बाहेरचा पत्रा पूर्ण बदलला. नव्या पत्र्याला पट्टीच्या क्लिपांची भोकं नव्हती. रंगाआधी सगळ्या पट्ट्या एकदा कोऱ्या पत्र्यावर लावून बघायच्या, भोकं पाडायची, मग पट्ट्या उतरवून रंग द्यायचा, हे मला माहीत होतं. इतरांना मी ते बजावूनही सांगितलं होतं. पण पेंटरची तारीख ठरलेली होती आणि गाडी उघडी पडून तिसरं वर्ष चालू होतं. "नंतर पाडू भोकं," असं मीच म्हणालो. पेंटर नाही, डेंटर नाही. मी.

रंग आला, तोही इतका देखणा की दोन दिवस मी नुसता गाडीभोवती फिरत होतो. मग दार उघडून त्यावर मास्किंग टेप लावली. उघडून अशासाठी, की ड्रिलचा कीस पुढच्या दाराच्या ताज्या रंगावर उडू नये. काळजी म्हणून केलेली गोष्ट होती ती. पण दार उघडं असल्यामुळे पुढच्या पट्टीची रेघ मागच्या दारावर कुठे येते, ते नजरेने बघताच आलं नाही. मी मोजून काढलं. उजव्या दारावर खालच्या कडेपासून क्लिपांची उंची मोजली, तीच डाव्यावर उतरवली, सेंटर पंचने भोकांच्या जागी खूण ठोकली आणि 6 मिमीची चार भोकं पाडली. कडांना प्रायमर लावला, म्हणजे उघड्या पत्र्याला गंज धरणार नाही. क्लिपा बसवल्या. सगळं रीतसर.

चूक खालच्या कडेत होती. नव्या पत्र्याची दुमड जुन्यापेक्षा खाली आली होती, पुढच्या टोकाला 4 मिमी, मागच्या टोकाला जेमतेम 1. मोजायला हवं होतं ते पत्र्यावरच्या उठावाच्या रेषेपासून. ती रेष गाडीच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, डोळा तिच्याशीच पट्टी ताडून बघतो. दाराची खालची कड कोण बघतं?

धाकट्या भावाने मागचं टोक धरलं होतं. दार लावलं. मागच्या तीन क्लिपांवर पट्टीची वरची कड अडकवली, आणि तेव्हा मला दिसलं की पट्टी पुढे उतरतेय. पुढच्या दाराची रेघ वर, हिची खाली. मला वाटलं, तळव्याने थोडी वर दाबली की क्लिप ढील देईल.

"दादा, थांब," तो म्हणाला.

मी दाबली. टक् असा बारीक आवाज झाला. पुढच्या टोकापासून वीतभर अंतरावर पट्टी मुडपली होती, आणि तिची कड नव्या रंगावरून सरकून नखाएवढा टवका उडाला होता. प्रायमरचा करडा ठिपका दिसत होता. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पट्टी मी नंतर सरळ केली. लाकडाच्या ठोकळ्यावर उलटी ठेवून मागून हलक्या हाताने ठोकली, मग 400, 600, 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, बफ केली. दिवसा काही दिसत नाही. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की एक सावली हलते.

आता तुमचे उपाय. "भोकं थोडी वर पाडा." 6 मिमीचं भोक 4 मिमी वर सरकवलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात, क्लिप धरायला पत्राच उरत नाही. "दुहेरी टेपने चिकटवा." पट्टी पोकळ आहे, तिच्या फक्त कडा पत्र्याला टेकतात, टेप धरणार कशाला? "भोकं वेल्डिंगने बुजवा." बुजतील. पण आचेने रंग जळेल, दार पुन्हा रंगवावं लागेल, आणि त्या रंगाचा मेळ पुढच्या दाराशी बसला नाही तर पूर्ण बाजू रंगवावी लागेल. हाच खरा उपाय आहे, मला कळतं. तोवर चारही भोकांत रबरी बुचं आहेत आणि आतून मेण मारलंय.

पूर्वी मी म्हणायचो, पट्ट्या हे शेवटचं, हौसेचं काम. त्या वेळच्या मला आज सांगावंसं वाटतं की बिजागऱ्या, दारांच्या फटी, पत्र्याची दुमड, यातलं काय चुकलंय ते पहिल्यांदा पट्टीच दाखवते, म्हणून ती रंगाआधी लागली पाहिजे. त्यावर तो म्हणेल, तीन वर्षं गाडी उघडी होती, माणसाने कधीतरी रंग बघायचा की नाही? मला त्याचंही खोटं वाटत नाही.

आणि हो, भीती आहे. ड्रिल हातात घेतलं की तो आवाज आठवतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी पट्टी खाली काढली. भावाने आणि मी ती टेपच्या तुकड्यांनी योग्य उंचीवर लावून पाहिली आणि दहा पावलं मागे गेलो. रेघ पुढच्या दारावरून सरळ मागपर्यंत गेली. तो म्हणाला, "दादा, सावली दिसत नाही, दाराचा रंग काढूया." मला ती दिसत होती. पट्टी पुन्हा कापडात गुंडाळली, पण या वेळी खुंटीवर ठेवली नाही. कामाच्या टेबलावर आहे.