आईच्या बायबलमधलं पुसलेलं प्रश्नचिन्ह

आई गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. बरेच महिने मी ते उघडलंच नाही, आणि एकदा सहज मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढला तर ४६ व्या वचनाशेजारी, समासात, पेन्सिलनं काढलेलं एक छोटं प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे तसं दिसत नव्हतं, कारण तिनं ते रबरानं पुसलं होतं, पण बायबलचा कागद किती पातळ असतो माहितीये ना, दाबून लिहिलेलं पलीकडच्या पानावर उठलं होतं, बोट फिरवलं की हाताला लागत होतं. शेवटच्या न्यायात दोषी ठरलेल्यांबद्दलचं वचन हे, "ते तर सार्वकालिक (म्हणजे कायमची) शिक्षा भोगण्यास जातील."

कधी काढलं असेल हे मला माहीत नाही पण अंदाज आहे. मामाने तरुणपणीच चर्च सोडलं होतं, भांडण वगैरे काही नाही, बस मला पटत नाही म्हणाला आणि यायचा बंद झाला. माणूस मात्र असा की कुणाच्याही दुखण्याखुपण्याला रात्री-अपरात्री हजर. तो गेला तेव्हा दफनविधीला ज्यांनी संदेश दिला ते म्हणाले, या भावासाठी दार आता बंद झालंय, तुमच्यासाठी अजून उघडं आहे. त्यानंतर गीत होतं, आणि आमच्याकडे गीताला सुरुवात नेहमी आईच करायची, त्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं आणि तशीच उभी राहिली, शेवटी दुसऱ्याच कुणीतरी सुरुवात केली. घरी ती यावर एक शब्द बोलली नाही. नंतरही कधीच नाही.

मी स्वतः नरकाच्या भीतीतच मोठी झाले. संडे स्कूलमध्ये सांगायचे की एक चिमणी हजार वर्षांतून एकदा येऊन डोंगरावर चोच घासते, तो डोंगर झिजून संपेल तेव्हा अनंतकाळाचा पहिला दिवससुद्धा झालेला नसेल. मी आठ-नऊ वर्षांची असेन, रात्री पांघरुणात डोकं घालून तो डोंगर झिजवत बसायचे. आठ वर्षांच्या मुलीला हे सांगू नये असं मला आज ठामपणे वाटतं, तुमचं मत काहीही असो.

ते प्रश्नचिन्ह दिसल्यापासून मी याचा नीट अभ्यास सुरू केला. पहिली गोष्ट जी कळली ती अशी की आपण 'नरक' या एका शब्दात कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. जुन्या करारात आहे शिओल, म्हणजे अधोलोक, तिथे चांगले-वाईट सगळेच जातात, याकोबही म्हणतो मी शोक करत अधोलोकात उतरेन. त्याचं ग्रीक म्हणजे हेडीस. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकाच ठिकाणी टार्टारस, म्हणजे ग्रीकांचं पाताळ, यावरून आलेला शब्द आहे, तोही पाप केलेल्या देवदूतांसाठी. आणि येशू ज्याबद्दल इशारा देतो तो शब्द आहे गेहेन्ना. नव्या करारात तो १२ वेळा येतो, त्यातला ११ वेळा येशूच्या तोंडी आणि एकदा याकोबाच्या पत्रात. नव्या करारातली इतकी पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाच्या पत्रांत एकदाही नाही! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

गेहेन्ना म्हणजे हिन्नोमचं खोरं, यरुशलेमच्या दक्षिणेला, आजही तिथे चालत जाता येतं. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे स्वतःची मुलं अग्नीत होम केली. पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली की परत कुणी तिथे मूल जाळू नये (२ राजे २३). उपदेशात नेहमी ऐकतो ना की तिथे शहराचा कचरा रात्रंदिवस जळत असायचा, ती गोष्ट साधारण १२०० च्या सुमाराच्या एका यहुदी भाष्यकाराच्या लिखाणात सापडते, येशूच्या काळातला पुरावा तिला नाही. मला तर खरा इतिहास कचऱ्यापेक्षा जास्त हादरवतो. आणि यिर्मयामध्ये देव त्याच खोऱ्याबद्दल काय म्हणतो बघा, मुलांना अग्नीत जाळणं, "मी आज्ञापिले नव्हते, माझ्या मनातही ते आले नाही." ज्या देवाच्या मनात मुलं जाळणं आलंही नाही, त्याच्या नावाने आपण काय काय सांगतो याचा विचार करायला हवा.

आता मतं. आपल्यापैकी बहुतेकांना जे शिकवलंय ते म्हणजे शिक्षा जाणिवेसकट आणि कधीच न संपणारी. हे मत उथळ नाहीये, हे आधी सांगते. चौथ्या-पाचव्या शतकातला चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन, त्याचा मुद्दा असा की एकाच वचनात सार्वकालिक जीवन आणि सार्वकालिक शिक्षा आहे, शब्द एकच, मग जीवन कायमचं आणि शिक्षा तात्पुरती असं कसं म्हणणार? याला उडवून लावता येत नाही. पण तोच ऑगस्टीन हेही लिहून ठेवतो की त्याच्या काळात खूप ख्रिस्ती लोकांना ही न संपणारी शिक्षा पटत नव्हती. खूप, म्हणजे एखादा-दुसरा बंडखोर नाही. आई एकटी नव्हती.

दुसरं मत, शेवटी सगळ्यांचंच तारण होईल, म्हणजे सगळेच वाचतील आणि देवाजवळ पोचतील. तिसऱ्या शतकातला ओरिजेन याचं मोठं नाव, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याला पाखंडी ठरवलं गेलं. पण चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी जवळपास हेच म्हणत होता आणि तो मात्र आजही संत आहे. इंग्लंडच्या चर्चने १५५३ च्या ४२ कलमांत सगळ्यांचं तारण होईल म्हणणाऱ्यांविरुद्ध एक कलम घातलं आणि दहाच वर्षांनी ती कलमं सुधारताना ते काढून टाकलं. म्हणजे चर्चसुद्धा यात चाचपडतच होतं.

तिसरं मत म्हणजे दुष्टांचा नाशच होतो, छळ नाही. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हा पंथ हे उघड शिकवतो आणि १९८८ मध्ये जॉन स्टॉटसारख्या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या पाळकानेही आपण तिकडे झुकतो असं सांगितलं तेव्हा इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींत मोठी खळबळ झाली. माझा स्वतःचा कल इथेच आहे. "पापाचे वेतन मरण आहे", मरण, अनंत काळ जळत जगणं नाही. शरीर आणि आत्मा दोघांचा नाश करू शकणाऱ्याला भ्या, असं येशू म्हणतो. यहूदाच्या पत्रात सदोम-गमोरा, देवाने जाळून टाकलेली ती शहरं, सार्वकालिक अग्नीचं उदाहरण म्हणून दिलीयेत, आणि सदोम आज जळत नाहीये, अग्नीने काम पुरं केलं आणि संपलं. मग शिक्षा सार्वकालिक म्हणजे तिचा परिणाम कायमचा, असं वाचलं तर ऑगस्टीनला पण थोडंफार उत्तर मिळतं. हां, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पीडेचा धूर युगानुयुग वर चढतो असं आहे, ते वचन मला अजून अडतं. यशयाच्या ३४ व्या अध्यायात अदोम या देशाबद्दल अगदी अशीच भाषा आहे आणि तिथेही आज धूर नाही, पण एवढ्याने माझं पूर्ण समाधान होत नाही हेही खरंय.

कॅथलिक बाजूला २८ जुलै १९९९ ला पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःला कायमचं तोडून घेतलेल्याची अवस्था आहे. आणि सातव्या शतकातला सिरियन संत इसहाक तर म्हणतो की गेहेन्नामधले लोक प्रेमाच्याच चाबकाने फटकारले जातात, ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याचंच प्रेम समोर उभं राहणं याहून मोठी यातना नाही. हे मला लगेच कळलं, कारण मामाशी शेवटचं बोलताना मी नीट बोलले नव्हते.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले. काही मित्रमैत्रिणी म्हणतात की नरक सोड, न्यायबिय पण सोड, देव प्रेम आहे बस. हे मला जमत नाही, आणि जमू पण नये. आमच्या वडिलांना एका माणसाने पैशात पार बुडवलं, वडील त्या काळजीत खंगत गेले आणि तो माणूस इज्जतीत जगून इज्जतीत गेला. त्याच्या बाबतीत देव कधीच काही बोलणार नसेल तर वडिलांबद्दलचं प्रेम तरी कसलं? स्तोत्र ९६ वाचा, देव न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं आनंदाने गातायत. झाडं! न्याय ही घाबरवायची गोष्ट म्हणून आपल्याला दिली गेली, पण बायबलमध्ये ती चिरडलेल्यांसाठी आनंदाची बातमी आहे, प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्म्यांचे आत्मे ओरडून विचारतात की न्यायाला अजून किती काळ. त्या माणसाने वडिलांसमोर उभं राहावं आणि काय केलं ते त्याला संपूर्ण कळावं, एवढं मला हवंय. तो कोटी वर्षं जळावा असं मला नको आहे, वडिलांनाही नको असतं. न्याय आणि न संपणारा छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्यांची इतकी घट्ट गाठ मारलीये की एक सोडायला गेलं की दुसरी पण सुटते. लूक १२ मध्ये येशू स्वतः थोडे फटके आणि पुष्कळ फटके असा फरक करतो ना, मग माप आहे, हिशोब आहे.

आणि ज्या अध्यायात आईचं ते प्रश्नचिन्ह आहे तो अध्याय पूर्ण वाचला का कुणी त्या दफनविधीत? त्यात शेवटच्या न्यायात येशू माणसांना मेंढरं आणि शेरडं असं उजवी-डावीकडे वेगळं करतो, ते कशावरून? मी भुकेला होतो, तहानेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. उजवीकडच्यांना तर माहीतही नव्हतं की आपण हे कुणासाठी केलं, ते विचारतात, प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिलं? आता ख्रिस्तावाचून तारण नाही हे मी मानते, सोडलेलं नाही, पण ती ओळ वाचली की मला मामाच दिसतो, दवाखान्याच्या व्हरांड्यात परक्या माणसाच्या सलाइनची बाटली हातात धरून उभा असलेला, कारण स्टँड कमी पडले होते.

आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, पाळकांनी विचारलं तर मी काय सांगणार हे ठरलेलं नाही. पण हल्ली रात्री सगळ्यांची नावं घेऊन झाली की मी मामाचंही नाव घेते. पुढे काही मागत नाही, नुसतं नाव घेते.