विखार, नोंद ४: म्हशीने मोडलेली साखळी

मागच्या नोंदीत 'विखार' हा शब्द सरळ 'विष'मधून उतरला असं धरलं होतं. ती 'विष → विखार' साखळी रद्द समजा. 'म्हैस' या शब्दाने मोडली.

संस्कृत ष प्राकृतात स होतो आणि मराठीत तसाच उतरतो: महिषी–म्हैस, तुष–तूस, मानुष–माणूस. विषाचंही प्राकृतात 'विस'च आहे. आपल्याकडे असा ख येतो तो बहुधा क्ष मधून: क्षार–खार, क्षीर–खीर. विषात क्ष कुठला? घरच्या वाटेने, म्हणजे प्राकृतातून, आला असता तर शब्दात स असता.

गाठ सुटली ती उच्चारात. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत ष चा ख म्हणतात. 'पुरुषः' तिथे 'पुरुखः' ऐकू येतो. उत्तरेत ही सवय सर्रास, म्हणून भाखा, बरखा. जुन्या हिंदी पोथ्यांत तर ख लिहायलाच ष वापरलेला दिसतो. तेव्हा विख, विखार हे अर्धतत्सम: पोथीतून आलेले, पण तोंडाने बदललेले.

याच ओघात हाती लागलेली चीज: लॅटिन 'वीरुस' म्हणजे विष, आणि तो आपल्या विषाचा चुलतभाऊ. मूळचा स एकच. संस्कृतात इ नंतर आला म्हणून ष झाला, लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडला म्हणून र झाला. त्याच 'वीरुस'वरून इंग्रजीतला व्हायरस आणि व्हिरुलन्स (विखारीपणा). म्हणजे व्हायरसला विषाणू म्हणणं नकळत अगदी मुळाला धरून आहे!

'जालीम विष'मधल्या जालीमचं प्रकरणही मिटलं. अरबीत अन्याय करणारा, जुलूमचा सख्खा. मराठीत माणसावरून उतरून विषावर आणि उपायावर बसला.

विखारचे जुने उतारे शोधताना एक खड्डा. स्कॅन केलेल्या ग्रंथांत ख चा 'रव' होतो, त्यामुळे विखार 'विरवार' होऊन लपतो. दोन्ही रूपं टाका. नुसतं 'विख' टाकलंत तर विख्यात आणि विखुरलेले यांचा ढीग अंगावर येईल. 'विखाचा', 'विखारी' अशी प्रत्यय लागलेली रूपं बरी. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश अर्थांना उत्तम, पण कंसातली व्युत्पत्ती बहुधा एका उडीत संस्कृत गाठते. मधल्या पायऱ्यांना टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोशच बघावा.

पुढची पाळी 'जहाल' या शब्दाची होती, ती आता मागे. विखारचं शेपूट, म्हणजे -आर, आधी. सोनार, कुंभार यांतला -आर हा -कार. इथे तो अर्थाला बसत नाही. पण जुन्या मराठीत विखार म्हणजे सापसुद्धा, आणि विषधराचं प्राकृत 'विसहर'. तेव्हा शेपूट -धरचंही असू शकतं. म्हणून सगळे उतारे दोन गठ्ठ्यांत लावायचे, साप वेगळे नि विष वेगळं, आणि जुना गठ्ठा कोणता ते आधी पाहायचं.