निसर्गनंतरचा शुक्रवार आणि सहा एएचची बॅटरी

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. शुक्रवारी, म्हणजे ५ तारखेलाही म्हसळ्याहून बोर्लीपंचतनच्या बाजूला चारचाकी नेणं मुश्कील होतं. रस्त्यात माड आडवे, त्यांच्याखाली विजेचे खांब आणि तारा. २०० सीसीची ट्रेल बाईक मात्र जमिनीपासून उंच असते, आणि जिथे चढत नाही तिथे आधी पुढचं चाक, मग मागचं असं उचलून ओंडक्यापलीकडे टाकता येते. निरोप असा होता की आतल्या एका वाडीत एका आजींना दमा आहे. नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून मास्कमधून देणारं यंत्र, घरात आहे, डॉक्टरांनी दिलेलं औषधही आहे, पण वीज नाही. गॅरेजमध्ये १५० वॅटचा छोटा इन्व्हर्टर पडून होता, गाडीच्या लायटर सॉकेटला लावतात तसला. तो, व्होल्ट मोजायचा मीटर, थोडी वायर आणि फ्यूज घेऊन निघालो.

निघण्याआधी हिशोब केला. माझ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ६ एएच, म्हणजे अँपिअर-अवर. कागदावर ७२ वॅट-अवर. त्यातलं निम्मंच वापरायचं, कारण गाडीला किक नाही आणि इंजिन फ्युएल इंजेक्शनचं. बॅटरी बसली तर पेट्रोलचा पंपच दाब धरत नाही, मग धक्का मारूनही उपयोग नसतो. शिवाय हे ६ एएच दहा तासांत हळूहळू काढले तरच मिळतात. एकदम दहा अँपिअर ओढले तर बरेच कमी. मोटारसायकलची बॅटरी म्हणजे टाकी नव्हे, तांब्या. स्टार्टरला दोन सेकंद जोराचा झटका द्यायचा, एवढंच तिचं काम. पाणी हवं असेल तर झऱ्याकडे, म्हणजे मॅग्नेट कॉइलकडे जायचं. माझ्या गाडीची कॉइल चांगल्या आरपीएमला दीडशे वॅटच्या पुढे देते, पण स्लोवर त्याच्या निम्मंही नाही.

नेब्युलायझरच्या मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या वरचा आकडा होता. प्रत्यक्षात शंभरेक वॅट धरले. इन्व्हर्टरचा तोटा मिळवून बॅटरीतून साडेनऊ-दहा अँपिअर.

पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझीच. गाडी अंगणात होती, आजी माजघरात. म्हणून इन्व्हर्टर घरात ठेवला आणि बॅटरीपासून तिथपर्यंत एक चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तीन मीटर. नेब्युलायझरचा कॉम्प्रेसर सुरू होताना 'घुर्र' करायचा, इन्व्हर्टर किंचाळायचा आणि सगळं बंद. मीटर लावला तर बॅटरीवर ११.९ व्होल्ट, पण इन्व्हर्टरच्या तोंडाशी १०.४. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, रोध साधारण ०.१ ओहम. दहा अँपिअरला एक व्होल्ट वायरच खाते, आणि मोटर उठताना करंट त्याच्याही वर जातो. बहुतेक असले इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास स्वतःला बंद करून घेतात.

मग उलटं केलं. इन्व्हर्टर गाडीजवळ आणला, पागोळीच्या आत स्टुलावर. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत चार चौरस मिलिमीटरची वायर, हातभरच. प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज. घरात नेली ती २३० व्होल्टची बाजू, साध्या एक्स्टेन्शन बोर्डाने. तिथे करंट अर्धा अँपिअर, त्यामुळे लांबीनं काही बिघडत नाही. लांब न्यायचं असेल तर २३०ची बाजू लांबवा. १२ व्होल्टची बाजू जितकी आखूड तितकी बरी. फक्त ओल्या हातानं त्या बोर्डाला कुणी शिवायचं नाही, हे घरातल्या पोरांना दोनदा सांगितलं.

हेडलाइटचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून टाकला. २०१७ पासूनच्या गाड्यांना दिव्याचं बटणच नसतं, इंजिन चालू म्हणजे दिवा चालू, आणि तेवढे वॅट फुकट जातात. मुलाला सायलेन्सरचं तोंड घराबाहेर आहे ना ते पाहायला लावलं. जुन्या ट्यूबची पट्टी ग्रिपवर गुंडाळून थ्रॉटल चार हजार आरपीएमवर अडकवला. आधी इंजिन, मग इन्व्हर्टर, आणि सगळ्यात शेवटी नेब्युलायझरचं बटण. बॅटरीवर क्षणभर १२.१ व्होल्ट झालं, मग काटा १३.१वर स्थिरावला. कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त गुणगुणत होता. स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेची लाट गोल नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, त्यानं मोटर थोडी तापते. मास्कमधून औषधाचं धुकं यायला लागलं. दहा मिनिटांत औषध संपलं.

एअर-कूल्ड इंजिन उभं राहून यापेक्षा जास्त वेळ चार हजारांवर ठेवू नये, वारा लागत नाही. दोन डोसांच्या मधल्या वेळात इंजिनावरचे पंख (फिन) गार होऊ दिले.

तोवर अंगणात मोबाईल घेऊन वीसेक माणसं जमली होती. नेटवर्क नव्हतंच, पण रात्री टॉर्च हवा. चार हजार एमएएचचा फोन भरायला तोट्यासकट अठरा-वीस वॅट-अवर लागतात. म्हणजे इंजिन बंद ठेवून माझ्या बॅटरीत जेमतेम दोन फोन. सगळ्यांना नाही म्हणायला जीव होत नव्हता, तेव्हा इंजिन चालू असेल तेवढ्या वेळात दोन-दोन फोन, दहा मिनिटं प्रत्येकी. यूएसबी कन्व्हर्टरही स्वतंत्र फ्यूज टाकून थेट बॅटरीवर. इग्निशनच्या वायरला टॅप मारला आणि कुणाची केबल शॉर्ट झाली, तर फ्यूज गाडीचाच उडतो. विहिरीतलं पाणी १२ व्होल्टच्या पंपानं काढता येईल का, असं एकानं विचारलं. येईल, पण रहाटानं लवकर निघेल.

दुपारी गाडी उभी असताना कुणीतरी चावी फिरवून ठेवली. कपलर मी परत लावलेला होता, त्यामुळे पार्किंग दिवाही लागला. तो, टेललॅम्प आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, सगळं तासाभरावर चालू. निघताना स्टार्टर रिले नुसती टकटक. मीटरवर ११.६.

एका काकांच्या पडवीत फवारणीचा बॅटरी पंप टांगलेला होता. त्याच्या तळाशीही १२ व्होल्टचीच बॅटरी असते, यात ८ एएच होती, मीटरवर १२.६. पंपाची स्वतःची वायर बारीक असते, तिच्यातून स्टार्टर फिरवायचा नाही. तळाचं झाकण उघडून बॅटरीच्या पत्तींवरच जाड वायर लावली. आधी प्लसला प्लस, शेवटी मायनस गाडीच्या चासीला, आपल्या बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी पडली तरी तिच्याजवळ पडत नाही. लगेच स्टार्टर दाबला असता तर त्या बारीक पत्तीच तापल्या असत्या. पंधरा मिनिटं तसंच सोडलं. गाडीची बॅटरी १२.२वर आली. मग गाडी दुसऱ्या गिअरला, दोघांनी मागून ढकललं आणि मी क्लच सोडता सोडता बटण दाबलं. दुसऱ्या झटक्याला लागली.

वायर सोडून बॅटरी पुन्हा पंपात बसवली. "तुमची थोडी उतरली, काका. फवारणीला लागेल तेव्हा म्हसळ्याला आणा, चार्ज करून देतो."

"राहू दे रे," काका म्हणाले, "फवारायला पोफळी उभ्या आहेत कुठे?"