एरर टेबलात न आलेल्या नोंदी

मी दूध संकलनाच्या एका वेब सर्व्हिसवर काम करते. सकाळी सहा ते आठ या वेळात गावोगावच्या केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफच्या (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) पावत्या येतात. एका केंद्राचे सचिव तीनदा फोन करून म्हणाले, "मॅडम, पावती जात नाही, नुसतं ५०० येतंय." ५०० म्हणजे सर्व्हरवरच चूक झाल्याचा कोड. पण चुका नोंदवायच्या आमच्या एरर टेबलात त्या वेळेची एकही ओळ नव्हती, बाकीच्या एरर मात्र जागच्या जागी. मी त्यांना "नेट तपासा" सांगून मोकळी झाले. याचं मला अजून वाईट वाटतं.

आमची सर्व्हिस डॉटनेट ८ वर (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मवर) आहे. सगळ्या एरर एकाच ठिकाणी पकडून टेबलात लिहायला त्यातला आयएक्सेप्शनहँडलर वापरलाय. तो सिंगलटन म्हणून, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना मिळून एकच, रजिस्टर होतो. डेटाबेसशी बोलणारा डीबीकॉन्टेक्स्ट मात्र स्कोप्ड, म्हणजे दर रिक्वेस्टला वेगळा असतो. त्यामुळे हँडलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (तो तयार होतानाच) डीबीकॉन्टेक्स्ट मागितला की डेव्हलपमेंटमध्ये कंटेनर, म्हणजे ही ऑब्जेक्ट पुरवणारा भाग, अडवतो. (प्रॉडक्शनमध्ये ही तपासणी मुळात बंद असते, हे जास्त धोक्याचं.) मी डीबीकॉन्टेक्स्ट एचटीटीपीकॉन्टेक्स्टच्या (चालू रिक्वेस्टच्या माहितीच्या) रिक्वेस्टसर्व्हिसेसमधून घेतला. कंटेनरची तक्रार थांबली.

गोम तिथेच होती. रिक्वेस्टसर्व्हिसेसमधून मिळतो तो त्याच फसलेल्या रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट. केंद्रावरचं नेट मध्येच गेलं की यंत्र तीच पावती पुन्हा पाठवतं. पावती क्रमांकावर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून सेव्ह फसतं. पण पावती कॉन्टेक्स्टमध्ये 'अ‍ॅडेड' (अजून लिहायची आहे) म्हणून तशीच बसून राहते. मी तिच्या शेजारी एररची ओळ ठेवून सेव्हचेंजेस केलं की ईएफ कोअर (डेटाबेसमध्ये लिहिणारी डॉटनेटची लायब्ररी) दोन्ही लिहायला जातो, पावती पुन्हा आपटते आणि माझी ओळ तिच्यासोबत रोलबॅक होते, म्हणजे पुसली जाते. म्हणजे डेटाबेसवर फसलेल्या सेव्हच्याच नोंदी नेमक्या बुडत होत्या.

आता कन्स्ट्रक्टरमध्ये आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी (नवा स्कोप बनवून देणारी) इंजेक्ट करते. एरर आली की आधी लॉगरला सांगायचं, मग नवा स्कोप उघडून त्यातला कोरा कॉन्टेक्स्ट घ्यायचा. सेव्हला रिक्वेस्टचा कॅन्सलेशन टोकनही (काम थांबवायचा इशारा) देत नाही, कारण केंद्राने कनेक्शन सोडलं की तो रद्द होतो आणि नोंद परत हातची जाते. दुबार पावतीला ५०० ऐवजी ४०९ (आधीच्या नोंदीशी विसंगती) हा कोड जातो, आरएफसी ९४५७ या इंटरनेट मानकातल्या प्रॉब्लेम डिटेल्स या एरर कळवायच्या ठरावीक साच्यात, मराठी मजकुरासह.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलात ओळी दिसल्या. मी सचिवांना स्वतःहून फोन केला आणि सांगितलं, की तुमच्या पावत्या पहिल्याच वेळी पोचल्या होत्या.